कंडक्टर आबांचे उतारू

दिवस कलला की कंडक्टर आबा गोठ्याच्या दाराशी उभे राहतात, हातातल्या अंगठीनं पत्र्यावर दोनदा टकटक करतात आणि म्हणतात, "पुढं सरका. दार मोकळं ठेवा. आत लई जागा हाय."

आत जागा मुळीच नसते. वीस गुंठ्यांच्या तुकड्यात एक लांबट पत्र्याचं शेड, त्याला डाव्या अंगाला एकच दार आणि आत एकही आडभिंत नाही. तरी पण ती टकटक ऐकली की बांधावरून, उकिरड्यावरून, लिंबाखालून सगळी मंडळी निघतात. आधी म्हातारी घोडी, मग बैल, गाई, रेडकू, गाढव, शेळ्या, मेंढा, बदकं, टर्कीची जोडी, कोंबड्या, आणि सगळ्यात शेवटी एक इमू. इमू आत गेला तरी दारापासून हलत नाही. "त्यो माजा मदतनीस हाय," असं आबा सांगतात.

मी त्या भागात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर म्हणून आले तेव्हा नोकरी नवी होती. नगर शहरात वाढलेली मी. आमच्या घरात मांजरसुद्धा नव्हतं. पुस्तकात गाय वेगळ्या धड्यात, शेळी वेगळ्या, कोंबडी तर वेगळ्या विषयातच. कर्जतपासून बारा-तेरा किलोमीटरवरच्या त्या वस्तीवर मी लाळ्या-खुरकुताच्या लसी घेऊन गेले आणि सगळे धडे एका पत्र्याखाली बसलेले पाहिले.

मी टॅब उघडून नोंद करायला लागले. जनावराचं नाव विचारलं.

"जामखेड," आबा म्हणाले.

मला वाटलं त्यांना ऐकू कमी येत असावं. मी मोठ्यानं म्हटलं, "गाव नको, आबा. नाव सांगा."

"त्येच सांगतोय. ह्यो जामखेड. ती पलीकडची राशीन. ह्ये घोगरगाव."

आबा एकतीस वर्षं लाल गाडीवर कंडक्टर होते. जे जनावर ज्या थांब्यावर मिळालं, त्या थांब्याचं नाव त्याला. जामखेड हा बैल बाजार उठल्यावर मागं राहिलेला, एका डोळ्यानं अधू. घोगरगाव म्हणजे रेडकू. म्हशीला नर झाला की त्याला कोणी वाली नसतो, हे रस्त्याकडेला दाव्याला बांधून ठेवलेलं होतं. मिरजगाव हे गाढव वीटभट्टीवाले हंगाम संपल्यावर सोडून गेले. राशीन घोडी लग्नांत नवरदेव मिरवायची. पाय गेला आणि ती आबांकडं आली. अजूनही रस्त्यानं डीजे गेला तर ती उभ्या जागी पुढचे पाय तालात उचलते आणि वाजंत्री लांब गेली की लाजल्यासारखी मान खाली घालते.

अकोले नावाच्या शेळीची हकीकत आबा विशेष रंगवून सांगतात. अकोल्याकडच्या मुक्कामी गाडीत कुणीतरी करडू विसरून गेलं. आबांनी ते शेवटच्या सीटखालून काढलं, दूध पाजलं, मालक येईल म्हणून डेपोत ठेवलं. "हरवलेलं सामान तीन दिवसात न्यावं, आसा माजा नियम. चवथ्या दिवशी मी नेलं." आता अकोले आजीच्याही पलीकडं गेली आहे, गोठ्यातल्या निम्म्या शेळ्या तिच्या वंशातल्या.

आणि इमू म्हणजे सुपा. एके काळी इमू पाळायचं खूळ आलं होतं. मग ते उतरलं आणि एका माणसानं सरळ फाटक उघडून दिलं. हा पक्षी सुप्याच्या पुढं हमरस्त्यावर गाड्यांच्या मधून चालत होता. आबा ड्यूटीवर होते. त्यांनी खिडकीतून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून टेम्पो घेऊन गेले. गाववाल्यांनी विचारलं, हे काय आणलं. आबा म्हणाले, "मला तरी कुठं ठावं हाय. पन उभा हुता बिचारा, गाडी घावत नसल्यावानी."

मी त्यांना पहिल्याच दिवशी भाषण दिलं. टर्की आणि कोंबड्या एकत्र ठेवायच्या नसतात, बदकांचं पाणी वेगळं हवं, मेंढ्याला घोडीच्या पायात येऊ देऊ नये, आडभिंती घाला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्याडम, येका गाडीत धा गावची मानसं बसत्यात. कुनी खोकतंय, कुनी भांडतंय, कुनाचं गठुडं कुनाच्या मांडीवर. तरी गाडी जाती का न्हाई?"

गोठा मी बारकाईनं बघितला, तो स्वच्छ होता. गाभण शेळीला उजवीकडचा कोपरा, त्याला ते "लेडीज शीट" म्हणायचे. घोडीला दाराजवळची वाऱ्याची जागा, कारण ती "ज्येष्ठ नागरिक". उनाड करडं कायम मागच्या टोकाला. "मागल्या शिटावर टारगट पोरंच बसायची, कितीबी सांगा."

सुपानं माझ्या कानातला एक डूल खाल्ला, तो दुसऱ्या भेटीत. मी टर्कीचा पाय बघायला वाकले होते. इमूला चमकणारं काही दिसलं की चोच थांबत नाही. मी डूल गेला असं समजून विसरून गेले. पाचव्या दिवशी आबा दवाखान्यात आले, खिशातून कागदाची पुडी काढली आणि टेबलावर ठेवली. आत माझा डूल होता, हळदीच्या पाण्यानं धुतलेला, लख्ख. चार दिवस त्यांनी इमूच्या मागं फिरून तो शोधला होता. मी तो घालायला धजले नाही, पण फेकलाही नाही.

आबांच्या शेजारी एस्तेरबाई राहतात. निवृत्त शिक्षिका, एकट्या, घरासमोर मोगरा, शेवंती आणि गुलाबाचे वाफे, आणि दर रविवारी पांढरी साडी नेसून चर्चला. त्यांचं आणि टर्कीचं जमत नसे. महिन्यातून एकदा माझ्या दवाखान्यात त्यांचा तक्रारअर्ज यायचा. अक्षर मोत्यासारखं. "सदर पक्ष्याने दिनांक अमुक रोजी शेवंतीची रोपे मुळासकट उपटली. सदर गाढव पहाटे ओरडते, त्यामुळे माझ्या प्रार्थनेत व्यत्यय येतो. तरी जनावरांची संख्या कमी करण्याबाबत समज द्यावी." मी समज द्यायला गेले की आबा अर्ज हातात घ्यायचे, लांब धरून बघायचे आणि म्हणायचे, "बाईंचं अक्षर बगा. आमच्या पोराला ह्यांनीच शिकवलं." अर्जातल्या मजकुराबद्दल ते अवाक्षर काढत नसत.

तो मुलगा सुप्याला कंपनीत आहे. वडलांनी आपल्याकडं दोन खोल्यांत येऊन राहावं, असं तो फोनवर सांगतो. घरात आबा एकटेच. बायको, द्वारकाबाई, मी तिथं यायच्या आधीच्या उन्हाळ्यात करोनात गेली होती. एवढंच मला माहीत होतं. त्याविषयी ते बोलत नसत आणि मी विचारलं नाही.

गोठ्यात एकटीलाच माणसाचं नाव होतं, ती गाय गौरा. पांढरी, कपाळावर तांबूस ठिपका, स्वभावानं गरीब. तिचं नाव थांब्याचं का नाही, असं मी विचारलं होतं. आबा म्हणाले, "ती घरातच झाली. तिचा ष्टॉप कुठला आसनार. मालकिनीनं नाव ठिवलं."

त्या पावसाळ्यात लंपी आला.

ज्यांनी ते दिवस जवळून पाहिले त्यांना वेगळं सांगायला नको. गुरांचे बाजार बंद झाले. मी सकाळी उजाडताच निघायची आणि एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जायची. अंगभर गाठी आलेल्या गाई, सुजलेले पाय, गळ्याखाली सुजून लोंबणारी कातडी. औषधं होती, पण आजारावर नेमकं औषध नव्हतं. ताप उतरवायचा, जखमा जपायच्या आणि वाट बघायची. मालक माझ्या तोंडाकडं बघत राहायचे. काही गाई उठायच्या, काही उठायच्या नाहीत. मला रात्री जेवण जात नव्हतं.

आबांच्या गोठ्यातल्या दोन्ही गाई, बैल आणि रेडकू यांना मी लस दिली होती. पण लस अंगी लागायला दिवस जावे लागतात. आठवडाही झाला नव्हता, तोच एका सकाळी त्यांचा फोन आला. गौराच्या मानेवर गाठी आल्या होत्या.

ताप एकशे सहाच्या आसपास होता. मी इंजेक्शनं दिली आणि सांगितलं, हिला आत्ताच्या आत्ता वेगळी करा. पलीकडच्या बांधावर, बाभळीखाली. बाकीच्या गुरांपासून लांब.

"येकटीला?" त्यांनी विचारलं.

"हो, एकटीला."

ते म्हणाले, आपल्या गाडीतून आपण आजवर कुणाला उतरवलं नाही. मी दमलेली होते. मी त्यांना फार तोडून बोलले. मागच्या वस्तीवर दोन दिवसांत काय झालं ते सांगितलं, जामखेड मेला तर कोण जबाबदार असं विचारलं, हा गोठा आहे, एसटी नाही, असंही म्हणाले. ते खाली बघत ऐकत होते. शेवटी त्यांनी दोन प्रश्न विचारले.

"मानसाला ह्यो रोग हुतो का?"

"नाही."

"मंग मानसानं तिच्यापाशी बसायला काय कायदा आडवा येतो का?"

मी म्हटलं, कायदा कसला आडवा येणार. पण जो हिच्यापाशी राहील त्यानं बाकीच्या गुरांना हात लावायचा नाही, गोठ्यात पाऊलही टाकायचं नाही. माश्या, गोचिड, कपडे, सगळ्यांतून हे पसरतं. बरी व्हायला तीन आठवडे लागतील, जास्तही लागतील.

मान हलवून त्यांनी गौराच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी गेले तर बाभळीखाली चार मेढी रोवून त्यांनी वर ताडपत्री ताणली होती. बाजूंना मच्छरदाण्या शिवून लावल्या होत्या. कडूलिंबाचा धूर केला होता. आत गौरा, आणि तिच्या शेजारी आबांची बाज, पाण्याची घागर, चूल, एक ताटली. घराला कुलूप होतं.

मी म्हटलं, "आबा, तिकडं चाळीस जीव आहेत."

"त्येंला येकमेक हायेत," ते म्हणाले. "हिला कोन हाय?"

बाकीच्यांचं कोण बघणार, याचा त्यांनी विचार केला नव्हता, किंवा केला होता आणि उत्तर सापडलं नव्हतं. आजूबाजूच्या वस्त्यांवर सगळ्यांकडं गुरं होती. आजार आपल्या दावणीला येईल या भीतीनं कुणी इकडं फिरकत नव्हतं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. मी काळजीतच गोठ्याकडं गेले. आत एस्तेरबाई होत्या. पदर खोचलेला, नाकाला रुमाल, हातात खराटा. आदल्याच आठवड्यात त्यांचा अर्ज आला होता.

माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "मला जनावरं आवडत नाहीत, मॅडम. हे तुम्ही नोंदवून ठेवा. पण माझ्याकडे गुरं नाहीत, त्यामुळे माझ्याकडून कुणाला काही लागणार नाही."

त्या संध्याकाळी मी मुद्दाम थांबले. दिवस कलला, जनावरं शेडसमोर जमली. एस्तेरबाईंनी वर्गात बोलावं तशा आवाजात सांगितलं, "चला, सगळे आत व्हा." कुणी हललं नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेळ्या कान टवकारून बांधाकडं बघायला लागल्या. तिकडं ताडपत्रीपाशी आबा उभे होते. त्यांनी एक हाक मारली असती तर सगळा गोठा त्यांच्याकडं धावत गेला असता, म्हणून ते तोंडावर हात धरून उभे होते. बाईंनी चष्म्याचं घर काढलं, पत्र्यावर दोनदा वाजवलं आणि इकडं तिकडं बघून, अगदी हळू, पण शुद्ध मराठीत म्हणाल्या, "पुढे सरका. दार मोकळे ठेवा."

घोडीनं पहिला पाय उचलला. मागून सगळे गेले. इमू शेवटी गेला आणि दाराशी उभा राहिला. पलीकडं आबा बाजेवर बसले आणि त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

पुढचे दिवस वाईट गेले. गौराच्या अंगावर गाठींची चादर पसरली. पुढचे पाय खांबासारखे सुजले. ती खाईना. आबा तिला ओंजळीनं पाणी पाजत, ज्वारीची आंबील बोटानं चाटवत, लिंबाच्या पाल्याच्या कोमट पाण्यानं अंग पुसत. फुटलेल्या गाठींवर माशी बसू नये म्हणून दिवसभर हातात टहाळी. मी एक दिवसाआड जायची, कधी रोज. ती मान टाकून पडलेली असायची, डोळे अर्धे मिटलेले. तशातही आबांचा आवाज आला की तिचा वरचा कान त्या दिशेला वळायचा. मी तो त्यांना दाखवला.

"बघा, तिला कळतं," मी म्हणाले. "ताप कितीही असू द्या, आपलं माणूस जवळ आहे हे जनावराला समजतं. त्यानं धीर राहतो. बोलत राहा तिच्याशी."

हे मी काही अभ्यासून सांगितलं नव्हतं. पण त्या महिन्यात मला जे दिसलं होतं त्यावरून मला तसं खरंच वाटत होतं, आणि त्यांना करायला काहीतरी काम हवं होतं.

गाईशी बोलायचं काय, हा आबांना प्रश्न पडला. गोठ्यात ते दिवसभर बोलायचे, पण ते गर्दीशी. एकटीशी काय बोलावं हे त्यांना सुचेना. मग त्यांनी थांबे सांगायला सुरुवात केली. मी बांधावर पोचायच्या आधीच तो आवाज यायचा. "कर्जत सुटलं. आता मिरजगाव. मिरजगाववाले दाराशी या. मंग घोगरगाव. मंग रुईछत्तिशी. मंग नगर, शेवटचा ष्टॉप." नगर झालं की परत उलटीकडून. कुठल्या फाट्यावर कोण म्हातारी चढायची, कोण सुट्ट्यावरून भांडायचं, कुठं गाडी पंक्चर झाली, सगळं तिला सांगून झालं. एकदा मी ताप बघत होते तर म्हणाले, "म्याडम, आत्ता नगं. घाट चढतोय." त्या रस्त्याला घाट नाही. मी थांबले.

बाराव्या दिवशी दुपारी फोन आला. गौरा एका कुशीवर पडली होती आणि मान उचलत नव्हती. जनावर असं एका कुशीवर फार वेळ राहिलं तर मग उठत नाही. तिला कूस बदलून बसती करायला हवी होती, आणि त्याला चार दांडगे गडी लागतात. आम्ही तिघं होतो: आबा, मी आणि सत्तरीला आलेल्या एस्तेरबाई. गोठ्यात परत जाण्याआधी अंघोळ करून साडी बदलायची, या अटीवर मी बाईंना येऊ दिलं. पोती गुंडाळून तिच्या पाठीला लावली, दोरी तिच्या पायांना बांधली, फळी अंगाखाली सारली. दोनदा ती वळून परत तशीच पडली. बाई चिखलात गुडघ्यावर बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते.

आबांनी ते पाहिलं. "बाई, गाईसाटी चालतं का तुमच्यात?" त्यांनी विचारलं.

"चालतं," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला ती वळली. आम्ही तिच्या दोन्ही बाजूंना पोती लावली आणि ती छातीवर बसती राहिली. मी सलाईन लावलं. बाटली मेढीला टांगता आली असती, पण ती आबांनी हात वर करून धरली. एक संपली, दुसरी संपली, हात खाली आला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मूठभर हिरवं कडवळ तोंडात घेतलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग चावलं. सोळाव्या दिवशी ती आधारानं उभी राहिली, थरथरत. आबांनी मला फोन करून सांगितलं आणि फोन तसाच धरून ठेवला. मागं टर्कीचा आवाज येत होता आणि एस्तेरबाई त्याला रागावत होत्या.

चोविसाव्या दिवशी मी तिला तपासलं. खपल्या वाळून पडल्या होत्या. अंगभर गोल पांढरे डाग राहिले होते, कासेचा एक सड निकामी झाला होता, हाडं वर आली होती. पण ताप नव्हता, नवी गाठ नव्हती, आणि ती स्वतःच्या पायांनी चार पावलं चालून बाभळीच्या शेंगा हुंगत होती. बाकीच्या गुरांपैकी कुणालाही काही झालं नव्हतं. मी म्हटलं, "आबा, आज हिला घरी न्या."

ते लगेच उठले नाहीत. चुलीवर चहा ठेवला. दुपार होती, उन्हाची तिरीप ताडपत्रीखाली आली होती. चहा कपात ओतल्यावर ते बोलायला लागले, आणि पहिली काही वाक्यं मला वाटलं ते गाईबद्दलच बोलत आहेत.

द्वारकाबाईला ताप आला तो तिसऱ्या दिवशी वाढला. मुलानं गाडी केली आणि तिला दवाखान्यात नेलं. आत सोडत नव्हते. तसा नियमच होता, आणि दारावरचा माणूस तरी काय करणार, असं ते म्हणाले. ते नऊ दिवस रस्त्याच्या पलीकडं उभे राहिले. डबा आत जायचा. तो तिला पोचायचा का, तिनं खाल्ला का, हे कळत नव्हतं. तिच्याकडं फोन होता, पण तो तिला नीट लावता येत नसे. लावून द्यायला कायम आबाच असायचे. दहाव्या दिवशी आतून मुलाला बोलावून घेतलं, ती गेली होती.

"दाराशी उभं ऱ्हानं माजं कामच हुतं, म्याडम," ते म्हणाले. "येकतीस वर्सं. पन मी कायम दाराच्या आतल्या अंगाला हुतो. भायेर उभं ऱ्हायची सवं नव्हती."

गौरा बांधावर चरत होती.

कपाकडं बघत त्यांनी विचारलं, "ताप लई चढला म्हंजी कळतं का वो? आपलं मानूस जवळ हाय का न्हाई, त्ये?"

गेले तीन आठवडे मी त्यांना एकच गोष्ट सांगत आले होते. कान दाखवून, परत परत, खात्रीनं. तीच गोष्ट आता ते माझ्यासमोर धरून उत्तराची वाट बघत होते.

"माणसाचं वेगळं असतं, आबा," मी म्हणाले. "इतक्या तापात माणसाला गुंगी येते. झोप लागल्यासारखं होतं. कोण आहे, कोण नाही, काही कळत नाही."

"कायबी?"

"काहीही नाही."

त्यांनी मान हलवली. चहा संपवला, दोन्ही कप विसळले, चुलीतली लाकडं ओढून विझवली. मग माझ्याकडं पाठ करूनच म्हणाले, "तुमी जनावरांच्या डॉक्टर. मानसाचं तुमाला काय ठावं आसनार."

मी खाली बघितलं.

"पन बरं केलं," ते म्हणाले. "सांगितलं त्ये."

ते गौराकडं गेले. तिच्या गळ्यात दावं नव्हतं. त्यांनी तिच्या वशिंडावर हात ठेवला आणि दोघं गोठ्याच्या दिशेनं निघाले. ती चार पावलं चालायची आणि थांबायची. ती थांबली की तेही थांबायचे, घाई नव्हती. मी बाजेवरच्या अंथरुणाची वळकटी केली, खांद्यावर घेतली आणि त्यांच्या मागून चालायला लागले.